स्लीपरच्या तेलाची होडी

मढ,
नोव्हेंबर १९८४

प्रिय सहदेव,

दिंडोशीच्या ब्लॉकात राहायला गेलास आणि आम्ही तुला परके झालो. आमचा रतन गेला तेव्हा आलास, दारातच रडलास, मग फिरकला नाहीस. रागच आहे माझा तुझ्यावर. तरी लिहितोय, कारण आपल्या होडीचं दुसऱ्या कुणाला काय कळणार?

तिच्या तळाला दर वर्षी किडा लागायचा, आठवतं? तू रेल्वेच्या गँगमध्ये होतास. म्हणालास, रुळांखालच्या लाकडी स्लीपरला कारखान्यातच औषध पाजतात, फुटला म्हणून टाकून दिला तरी त्याला वाळवी तोंड लावत नाही. मग आपण त्या फुटक्या लाकडाच्या ढलप्या डब्यात तापवल्या आणि खाली झिरपलेलं काळं तेल तळाला चोपडलं. सगळा कोळीवाडा नाक धरून हसला. पुढच्या वर्षी तेच लोक तेल मागायला दारात! रतन तुला स्लीपरकाका म्हणायचा. एकदा तुझी वहिनी कमळ त्यातली ढलपी चुलीत घालायला गेली, तर केवढा ओरडला होतास. धूर विषारी असतो म्हणून तिला दिवसभर चूल पेटवू दिली नाहीस.

गेल्या साली नारळी पुनवेनंतरच्या वादळात रतनने नेलेली ती होडी परत आली, एकटीच. एक फळी हललेली नव्हती. सहदेव, त्या तेलाला मी फार शिव्या घातल्या. लाकूड राखलं, पोरगा राखला नाही. तुला दोष देत नाही रे, तसं मनातही आणू नकोस.

रतनचा देह मिळाला नाही. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या. कमळने ऐकलं नाही. होडी तयार असली की पोरगा येईल, एवढंच तिचं म्हणणं. तिच्यासाठी मी वर्षभर तेल लावत राहिलो. रिकाम्या होडीला तेल लावताना काय वाटतं, ते कुणाला सांगू?

मागच्या आठवड्यात शूटिंगवाले आले. किनाऱ्यावर जाळायला त्यांना जुनी होडी हवी होती. कमळ कोयता घेऊन त्यांच्या अंगावर धावली.  आज सकाळी स्वतःच म्हणाली, "जालाची हाय तं माजे पोराचे नावान जाला."

म्हणून हे पत्र. येत्या अमावास्येला सकाळी दर्भाचा रतन होडीत निजवायचा आहे. वस्तीपासून लांब नेऊ, वारा समुद्राकडे असताना पेटवू. धुराचं तुझं सांगणं विसरलो नाही. अग्नी मी देईन, पण माझा हात धरायला तू हवास. आणि कमळने तुला विचारायला सांगितलंय, भावजी, ही होडी पेटेल ना? इतकी वर्षं आपण तिला फक्त टिकवत आलो.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
अनंता