खालच्या फळीवरच्या चपला

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची सिंगापूरला. विमानात गार भात दिला, तो तसाच परत केला. घरात पाय टाकला तशी उल्कानं, माझ्या धाकट्या बहिणीनं, ही वही हातात दिली. म्हणाली, ताई, रोज लिहीत जा, तेवढा वेळ तरी तुझं तोंड बंद राहील. मी सहावी पास. इचलकरंजीत खानावळ चालवते. लिहिण्याशी माझा संबंध फळ्यावर 'आज वांगं' एवढाच. पण बघू.

उल्काचं घर कॉन्डोत, म्हणजे इथल्या बड्या सोसायटीत, उंचावर. खाली पोहायचा तलाव आहे, पोहत कुणी नाही. निशिकांतराव बँकेत असतात, घरीसुद्धा बँकेत असल्यासारखंच बोलतात. सगळं इतकं लख्ख की शिंकायचीसुद्धा चोरी. तरी मजा वाटली.

मी आलेय निहारसाठी. उल्काचा एकुलता. वाढलाय पुरुषभर, पण शब्द मोजके, गोंगाट सोसत नाही. ऑटिझम म्हणतात. लहानपणी सुट्टीला माझ्याकडं यायचा, तेव्हा माझ्याच हातनं जेवायचा. दोन वर्षांमागं इथं त्यानं खिडकीची काच फोडली, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, आणि डॉक्टरांनी त्याला बंद वॉर्डात घेतलं. पंधरा दिवसांसाठी म्हणाले होते. अजून तिथंच आहे, आणि आता जेवणंही सोडलंय. खायला लागला, शांत राहिला तर दिवाळीला घरी सोडू, असं डॉक्टरीण म्हणते. उल्का रडायला लागली. मी म्हटलं, रडून काय पोट भरतं का त्याचं, मी चारते.

४ ऑक्टोबर

निहारला ठेवलंय ते सेंटर लांब, तुआसच्या बाजूला. कारखान्यांच्या भिंती संपल्या की पांढरी इमारत. वरच्या खिडकीतून जुरोंग आयलंडवरच्या तेलकारखान्यांच्या चिमण्या दिसतात, एकीच्या तोंडाला सारखा जाळ. मला बरं वाटलं. चूल पेटलेली असली की मला बरं वाटतं.

आत जायला दोन दारं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या खोलीत चपला काढायच्या, फोन कपाटात ठेवायचा, पायांत त्यांच्या हिरव्या सपाता घालायच्या. चपला काढायला माझी ना नाही. पण स्टँडची खालची फळी बघून डोकं फिरलं. धूळ! लाल सँडल, कुणाचे काळे बूट, कधीचे पडलेत देव जाणे. मोठी सिस्टर केरळची, मोडकंतोडकं हिंदी बोलते. तिला म्हटलं, एक तर पुसा नाहीतर फेका. ती हसली. मग मीच रुमालानं पुसले.

आतली माणसं भिण्यासारखी नाहीत. एक बाई बसल्या जागी झुलते, एक पोरगा खिडकीवर बोटानं घरं काढतो, एक म्हातारा नळाकडं बघत बसतो. आमच्या गल्लीत याहून वेडे मोकळे फिरतात. खिडक्या मात्र उघडत नाहीत आणि टेबलं जमिनीला ठोकलेली.

निहार दाराशीच उभा होता. माझ्या चपला कोल्हापुरी, कर्रकर्र वाजतात. दोन दारांपलीकडनं त्यानं ऐकलं. हाताचा वास घेतला आणि दोन पोळ्या गूळतुपाबरोबर खाल्ल्या. उल्काला सांगितलं तर ती फोनवरच हमसायला लागली.

निघताना मात्र त्यानं मला दाराकडं ढकललं. म्हणाला,

"मावशी, चपला."

त्यालाच बाहेर जायचं असेल. म्हटलं, जाऊ हं दिवाळीला.

७ ऑक्टोबर

जेवतोय. गालावर मांस येईल. पण संध्याकाळ झाली की ढकलतो. चपला, चपला. आज ओरडले त्याच्यावर. आलेल्या माणसाला घालवतात का असं?

इथं एक सालमा आहे, माझ्या वयाची, इथलीच मलय बाई. टॉवेलांच्या घड्या घालते, काठाला काठ. झुलणाऱ्या बाईचं तोंड पुसते. मला वाटलं कामाला आहे. सिस्टर म्हणाली, नाही, पेशंट. काय झालंय विचारलं, तर म्हणाली, पूर्वी सारखं दार उघडा म्हणायची. आता बरी आहे.

हा काय रोग झाला?

१० ऑक्टोबर

आमटी सांडली लुगड्यावर. त्यांनी इथल्या लोकांसारखा हिरवा झगा दिला, लुगडं धुवायला नेलं. झगा सुटसुटीत आहे, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरीण आली. आवाज असा मऊ की झोप यावी. झोप लागते का, राग येतो का, विचारलं. सिस्टरनं हिंदीत सांगितलं. म्हटलं, येतो की, खानावळ चालवते, राग न येऊन कसं चालेल. तिनं लिहून घेतलं. म्हणाली, रोजची येजा कशाला, एक खोली रिकामी आहे, दोन रात्री राहा. उल्काही त्यांच्या फोनवर म्हणाली, राहा ताई, तो खातोय ना. राहिले, वही पिशवीत होतीच.

मला झग्यात बघून निहार स्वतःचे कान बडवायला लागला. तिघं धावले त्याला धरायला. मी मधे पडले, त्यांना हाकललं, त्याला पोटाशी धरलं. शांत झाला. पण बोटं झग्यात अडकवून ओढत राहिला. बाही फाटली.

१३ ऑक्टोबर

लुगडं परत नाही. विचारलं की 'कॅन, कॅन', म्हणजे होईल होईल, म्हणतात. मी म्हटलं, दोनाच्या तीन रात्री झाल्या, दार उघडा. कॅन, कॅन. परत म्हटलं. मग आवाज चढवला, चढवायचाच होता. डॉक्टरीण आली. "आन्टी, रिलॅक्स ला." इथं सगळ्याला 'ला'ची शेपटी. हातात गोळी ठेवली. मी जिभेखाली धरली आणि संडासात थुंकले.

सिस्टर मला नावानं हाक मारत नाही आता. खोलीच्या नंबरानं मारते.

१४ ऑक्टोबर

जेवणाची गाडी आली तेव्हा आतलं दार उघडं होतं. घुसले मधल्या खोलीत. बाहेरचं दार बंद, माहीत होतंच. लाल सँडल उचलले, झग्याखाली लपवले, परत आले.

सालमापुढं ठेवले. तीही दार उघडा म्हणायची ना. तिनं पाय घातला. बक्कल बरोबर झिजलेल्या भोकात बसलं. रडली. आवाज नाही, नुसतं पाणी.

सिस्टरला विचारलं. तिनं सांगितलं, जसं काही भाजीचा भाव सांगते. सालमा भावाला चारायला यायची. भाऊ बरा झाला, घरी आहे, हॉकर सेंटरात, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, टेबलं पुसतो. आणि काळे बूट? नळाकडं बघणारा म्हातारा. बायकोला भेटायला आला होता. बायको घरी.

माझ्या चपला मी वरच्या फळीवर ठेवल्या होत्या.

आज खालच्या फळीवर होत्या.

१५ ऑक्टोबर

फोन करू दिला. सिस्टर शेजारी उभी. म्हटलं, उल्का, आत्ता ये, मला ने, ही माणसं— ती म्हणाली, ताई, डॉक्टर म्हणतात तू दमलीयस. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे.

याच आवाजात तिनं निहारचं सांगितलं होतं.

१६ ऑक्टोबर

दार बडवलं. हात सुजलेत. पण मी ओरडले की निहार भिंतीवर डोकं आपटतो. मग ते माझ्याकडं बघत नाहीत, त्याच्याकडं बघतात, आणि डॉक्टरीण मान हलवते. एकोणीसला सोडणार आहेत त्याला. शांत राहिला तर.

म्हणजे मी शांत राहिले तर.

आयुष्यात गप्प बसले नाही. नवऱ्यापुढं नाही, सासूपुढं नाही.

बसेन.

१७ ऑक्टोबर

गोळी आता डाळीत घालतात. कडू लागते. माझ्या जिभेला कळत नाही होय? जेवत नाही मी. निहारला चारते फक्त, त्याची डाळ आधी चाखून. सालमा घड्या घालायला टॉवेल देते. नको म्हटलं.

मग घातल्या थोड्या. हात रिकामे राहवत नाहीत—

१८ ऑक्टोबर

गप्प.

तो चपला म्हणाला. मी मान हलवली. कळलं रे. उशिरा कळलं.

१९ ऑक्टोबर

नेतायत. आतल्या दाराच्या काचेतनं दिसतंय. उल्का, निशिकांतराव. निहारला नवा शर्ट. मधल्या खोलीत थांबलाय. माझ्या चपला उचलल्या त्यानं. छातीशी धरल्या. सोडत नाही.

काचेतनं माझ्याकडं बघतोय. मी हसतेय. जा बाळा. दार बडवायला हात— नाही. मांडीखाली दाबून ठेवलाय हात.

उल्कानं चपला सोडवल्या. खाली ठेवल्या. बाहेरचं दार उघडलं. ऊन आलं. गेला. गेला माझा—

गेला.

आता बडवते.

ऐकू जात नाही त्यांना. काच जाड.

उल्का परत आलीय. एकटी. हातात डबा. सिस्टर तिच्याशी बोलतेय, माझ्याकडं बोट करून, तोंडाशी घास नेल्यासारखं. मी जेवत नाही म्हणून. म्हणून बोलावलंय तिला. चारायला.

हसतेय ती. हात हलवतेय. फोन कपाटात ठेवला.

वाकलीय. सँडलचा पट्टा सोडतेय.

मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावते—

उल्का आत येऊ नको
चपला घाल
चपला घा