वगळलेलं प्रात्यक्षिक

१४ मार्च

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. आईचा गुडघा आता बरा आहे, वहिनीला सांग. कॉलेजात परीक्षा तोंडावर आल्यात. विभागात जिकडेतिकडे मातीचे नमुने वाळत पडलेत, पाय ठेवायला जागा नाही.

कृषी पदवीच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बाहेर पडली, त्या समारंभात मी बोलावं, असं तू लिहितोस. घरचं माणूस बोललं की शोभतं म्हणे. मी बोलणार नाही. अभ्यासमंडळाचा अध्यक्ष तू, कौतुकही तूच उरक.

पाच वर्षांपूर्वीची ती मंडळाची बैठक आठवते? फवारणीचं प्रात्यक्षिक काढून तिथे ‘सादरीकरण कौशल्य’ घातलंस. मी विचारलं, “मग मुलं औषधं हाताळायला शिकणार कुठे?”

“छोटे, आपले पदवीधर पाठीवर पंप घेऊन फिरणार आहेत का? दाखव की पडद्यावर चार चित्रं.”

सगळे खो-खो हसले. मी एकटीने विरोध नोंदवला. बाहेर आल्यावर तू दंड धरून म्हणालास, “घरची भांडणं चव्हाट्यावर आणू नकोस.” घरची!

भाची नोकरीत रमली असेल, असं शेवटी लिहिलंयस.

नाही रमली माझी लेक. तुझ्या त्याच पहिल्या तुकडीतली ती. गेल्या महिन्यात त्या बियाणे कंपनीच्या हरितगृहात फवारणी झाली होती. दारं-खिडक्या बंद. साहेबांना रोपांचा अहवाल हवा होता, म्हणून ही लगेच आत शिरली. तोंडाला साधा रुमालही नाही. त्या औषधाचं रासायनिक सूत्र तिला तोंडपाठ होतं, दादा. फवारल्यावर आत जायचं नसतं, हे चार चित्रांत कुठेच नव्हतं.

कंपनीच्या ड्रायव्हरने ओढून बाहेर काढलं तेव्हा तोंडातून फेस येत होता, श्वास घेता येत नव्हता. अतिदक्षता विभागात मी काचेबाहेर उभी होते. जगली. पण हातापायांतली ताकद गेली आहे. भाताचा घास ताटात सांडतो, मग ती आमच्याकडे बघून ओशाळं हसते, आणि मला कुणाचं तरी नरडं धरावंसं वाटतं. कुणाचं तरी कशाला, तुझंच.

तुला कळवलं नाही, कारण तिने शपथ घातली होती. “मामाला सांगू नकोस गं, त्याला फार लागेल.” अजूनही तिला तुझीच काळजी! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

काल समारंभाची पत्रिका तिच्या हाती पडली. तिने तुझ्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “आई, मला तिथे ने.”

“कशाला?”

“मामाला मीच सांगते. सगळ्यांसमोर.”

मी तिला अडवणार नाही. तूही अडवून बघू नकोस. व्यासपीठावर माइकजवळ एक खुर्ची ठेव, तिला फार वेळ उभं राहवत नाही.

बहीण म्हणवून घेण्यावाचून इलाज नसलेली,
छोटी