बी काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ

१२ मार्च, बुधवार

सासूबाई दाढ दाखवायला समोरच्याकडे जातायत! समोरचा म्हणजे माझ्या क्लिनिकच्या बरोब्बर समोर बोर्ड लावून बसलेला दुसरा डेंटिस्ट. रविवारीसुद्धा उघडा असतो. हावरट मेला. घरात जावई डेंटिस्ट, आणि सासू रस्ता ओलांडून पलीकडे. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. बायको म्हणाली, मागच्या वेळी तू आईची भलतीच दाढ काढलीस ना, म्हणून. भलती कसली? शेजारची होती. आज ना उद्या तीही किडलीच असती. या बाईला परत माझ्या खुर्चीत बसवलं नाही तर बोर्ड उतरवीन.

१३ मार्च, गुरुवार, दुपारी

पेशंट नाहीत. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. खजुरातली बी काढायची, बदामाचं बटर भरायचं, वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. ओव्हनची भानगड नाही.

एकदम ट्यूब पेटली! रविवारी सासूबाईंना चहाला बोलवायचं आणि हेच पुढे करायचं. ज्याच्या हातून खजुराची बी अलगद निघते, त्याच्या हातात दाढ द्यायला कोण घाबरेल? बायको म्हणाली, दाढ दुखतेय तिची, आणि तू चिकट गोड खायला घालणार? हिला मार्केटिंग कळत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मॅच बघत बिया काढल्या. बायको म्हणाली, खाली बघ. म्हटलं, बी काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ. म्हणाली, मग आधी हात धू.

बदामाचं बटर टेस्ट केलं. पुन्हा केलं. उद्या नवी बरणी आणावी लागेल.

१५ मार्च, शनिवार

खजूर नळाखाली धुतले. मी डॉक्टर आहे, हायजिन म्हणजे हायजिन. बायको म्हणाली, पुसून घे, पाणी गेलं तर चॉकलेटची वाट लागेल. लक्ष दिलं नाही. चॉकलेटचा चिखल झाला. कंपनीच भिकार.

मग बायकोने खजूर पुसले, दुसरं चॉकलेट गरम पाण्यावर वितळवलं, बुडवलं, फ्रिजमध्ये ठेवलं. बाकी सगळं मीच केलं. भरताना एक-दोन खजूर जरा टणक लागले. उंची माल असणार.

१६ मार्च, रविवार, सकाळी

काय चमकतायत! इस्त्रीचा शर्ट घालणार. चहा होताच दाढेचा विषय काढायचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सासूबाईंनी एक उचलला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, बी नाही ना राहिली? म्हटलं, काहीतरीच काय! माझ्याकडून? तर म्हणाल्या, मग आधी तुम्हीच खा, जावईबापू.

पुरावा द्यायचा तर खणखणीत द्यावा. तोच खजूर घेतला आणि जोरात चावलो.

कट्.

पुढचा दात. अर्धा हातात आला.

आरशात बघून माझा मीच बसवतो म्हटलं. 'बशवतो' असं ऐकू आलं. बायकोने दंड धरून रस्ता ओलांडायला लावला. सासूबाई मागून, खजुराचा डबा घेऊन. समोरचा मला 'सर' म्हणाला. फार लागलं ते. सासूबाईंनी त्याला बजावलं, डॉक्टर, नीट बघून घ्या हं, शेजारचा नको. मग त्याच्यापुढे डबा धरला. त्याने आधी दाबून बघितला, मग खाल्ला. अप्रतिम म्हणाला, रेसिपी मागितली. बायकोने सांगितली. माझा कुठे उल्लेखच नाही, आणि मी आ वासून पडलेला.

१७ मार्च, सोमवार

क्लिनिक बंद ठेवलं. पुढचा दात नसलेला डेंटिस्ट बघून पेशंट काय म्हणतील?

दुपारी सासूबाईंचा फोन आला. मला वाटलं, पाघळल्या. तर बुधवारी माझी कॅप बसवायची आहे ना, त्यांनी आपल्या दाढेचीही तीच वेळ घेतलीय. तुम्हाला तेवढीच सोबत होईल म्हणाल्या, रस्ता ओलांडायला.