चंद्रीला विहिरीत का ढकललंत?

प्रिय लेखकदादा,

व्हय, परवा तुमच्या शोकसभेत उठून बोलली ती मीच. भाजे गावची गंगू. लोणावळ्याचे एक उपरणंवाले सांगत व्हते, "कादंबरीतलं जातं बोलतं, ही केवळ कल्पना आहे. पण खेड्यातल्या भोळ्या बाया ते खरंच धरून बसतात!"

माझं डोकं फिरलं. म्हणलं, "अवो सायेब, जातं बोलत न्हाई हे आमाला ठावं हाय. दळतंय कोण, आमी का तुमी?"

"बाई, खाली बसा."

बसले. पण तोंड बसंना, म्हणून ह्यो कागुद.

तुमच्या पुस्तकात चंद्रीचा नवरा मरतो आन त्याचा आवाज घरच्या जात्यात राहतो. ती दळती, त्यो बोलतो. गावात कुणालाच नवल न्हाई! शेजारीण तर जात्यालाच विचारती, "भावजी, जेवलासा का?" लय हसले मी. माझा नवरा जिता असताना धड बोलला न्हाई, त्यो जात्यातनं काय बोलणार? तरी दुसऱ्या दिवशी दळताना हात थांबवून कान दिलाच. कुणाला सांगू नगा.

शाळेच्या मास्तरांनी पुस्तक दिलं तवा श्रावण लागलेला. मी सरळ पाटावर मांडलं, फुलं वाहिली आन पोथीच लावली. जेवणं उरकली की बाया जमायच्या. एक परकरण झालं की गूळ-खोबरं वाटायचं. सखूबाई म्हणली, "गंगे, ह्या पोथीत देव कुटाय?"

"दमानं घे, येतोय."

आला न्हाई. कुणी तक्रारबी केली न्हाई.

आता भांडते. शेवटी जातं गप्प व्हतं, आन तुमी चंद्रीला विहिरीत ढकलता! का ओ? दगडाला बोलतं केलंत, मग एका रांडमुंड बाईला जगवायला शाई सरली का?

ऐकायला कोण बसलंय, ह्याचा इचार केलात? माझी भाची साळू बसायची. वीस वर्साची, नवरा जाऊन सा महिने झालेली. पाण्याला गेली की विहिरीच्या काठाला नुसती उभी राहायची. आन मला रोज विचारायची, "मावशे, चंद्रीचं फुडं काय व्हतं?"

काय वाचू तिच्यापुढं? तुमचं?

मी पानावर बोट फिरवत माझंच वाचलं. जातं गप्प झालं. चंद्री म्हणली, 'बरं, तू दमलास. आता मी बोलते, तू ऐक.' आन दळत राहिली.

साळू लय रडली. दुसऱ्या दिवशी घागर भरून लगीच माघारी आली.

हवा खायला लोणावळ्याला यायचात म्हणं. एकदा आमच्या मळवली ठेसनात उतरला असता, तर तोंडावर भांडले असते. त्याच्या आधीच गेलात! हे काय बरं केलं न्हाई.

दर श्रावणात तुमचं पुस्तक लावीन, ह्यो माझा शबुद. जातं तुमचंच बोलंल. शेवट मातर माझा.

आन एक दाबून ठेवलं व्हतं, ते सांगते. साळू माझ्याकडनं अक्षरं शिकाय लागली, त्याच दिवशी तुमचं शेवटचं पान मी फाडलं आन चुलीत घातलं. त्या जाळावर आमा दोघींचा चा झाला.

तुमची,
गंगू