मथळ्यातला जास्तीचा शब्द

३ मार्च, सोमवार

लकडगंजात किराण्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात चोरी. चौघं ताब्यात. पान पाच माझं, म्हणजे मथळाही माझाच. 'लकडगंजात चोरी, टोळी जेरबंद' असा केला, तर तीन कॉलमला पुरेना. उजवीकडे पांढरं राहत होतं. बातमी आणणारा अंकुश मागेच उभा होता. म्हणाला, "मॅडम, रामटेक रोडवर पारध्यांचा बेडा आहे न, तिथलेच आहेत चौघं. 'पारधी टोळी' टाका. बरोबर भरते."

टाकलं. भरलं. पान सुटलं. साडेसातला घरी. कूलरमध्ये नवीन खस बसवायची राहिलीच आहे.

४ मार्च

नवरा, रजत, सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "तुझी बातमी कॉलनीच्या ग्रुपवर फिरून राहिली." बरं वाटलं. इथं तरी खोटं कशाला लिहू!

६ मार्च, गुरुवार

ग्रुपवर आता बातमीसोबत एक फोटोही आहे. तीन बायका, डोक्यावर बोचकी. खाली लिहिलंय — 'यांना घरापुढे थांबू देऊ नका.' कोण बायका, कुठल्या, कुणालाच माहीत नाही.

एका लोकल चॅनेलनं तर अर्ध्या तासाचा कार्यक्रमच केला. धडाधड वाजणारं संगीत, लाल गोल, भिंतीवरून उडी मारणारा माणूस — नटच असणार. मागून भारदस्त आवाज : 'रक्तातच गुन्हेगारी!' मग निवेदिकेनं माझा मथळा वाचला. शब्दन् शब्द. मी चॅनेल बदललं.

शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, विकणारी बाई आज गल्लीत आली नाही. फाटकावरच अडवली म्हणे. ती पारधी आहे की नाही, तेही कुणी विचारलं नाही.

११ मार्च, मंगळवार

दुपारी रिसेप्शनवरून फोन — कुणी बाई आली आहे, मथळा लिहिणाऱ्याला भेटायचं म्हणते. खाली गेले. साठीची असेल. धुतलेलं, ठिकठिकाणी शिवलेलं लुगडं. हातात आमचा पेपर, पान पाच वर येईल असा घडी घातलेला. नाव मनकर्णा.

"हे कोनं लिवलं, बाई?"

मी म्हटलं, काय झालं ते सांगा.

"माह्या पोराले नेलं. सौरव. हिंगन्याले कंपनीत जाते तो. चोरी झाली तवा ड्यूटीवर होता. कार्ड पंच केलं हाय त्यानं, पन पाह्यते कोन? अन् पोरीलेबी घरमालकिनीनं काहाडलं. नर्सिंगले हाय ते, तिसऱ्या वर्साले. हा पेपर तिच्यापुढं धरला. म्हने, तुमी हेच लोक का?"

"चौकशी करते, मावशी," म्हटलं. एवढंच म्हटलं. 'मी लिहिलं' हे तीन वेळा ओठांवर आलं, तीनही वेळा गिळलं.

तिनं पाणी मागितलं. पाण्याच्या कूलरवरून ग्लास भरून आणला. तिनं तो ओठाला लावला नाही. मान मागे टाकून वरून धार सोडली, थेंब सांडू न देता. कुणी सांगितलं नव्हतं तिला तसं करायला. इथल्या कुणीच नाही.

१२ मार्च

पोलिसांची प्रेसनोट काढून पुन्हा वाचली. 'चार संशयित इसम.' बस. 'पारधी' नाही. 'टोळी'सुद्धा नाही! दोन्ही शब्द आमचेच.

१५ मार्च, शनिवार

चोर सापडला. व्यापाऱ्याचा सख्खा पुतण्या — गोदामाची दुसरी चावी त्याच्याकडेच होती. माल काकाच्याच दुसऱ्या गोदामात, तिथल्या पोत्यांमागे. चौघांना सोडलं.

मी चांगली मोठी बातमी केली. वृत्तसंपादक मनोहररावांनी सहा ओळी ठेवल्या. आतल्या पानावर, एका कॉलमात. त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, तेव्हा चौघांची जात मथळ्यात होती. आता या पुतण्याचीही घालायची का?"

"काहीतरीच काय, श्वेता! एका पोरानं केलं म्हणून अख्ख्या समाजाले काहून बदनाम करायचं?"

बोलले, आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. चष्मा काढला, रुमालानं पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "सहा ओळी ठीक आहेत."

मनोहरराव वाईट माणूस नाही. हे लिहून ठेवते, कारण उद्या राग आला तर मी विसरेन. मीही वाईट बाई नाही. तरी झालं ते झालंच.

१९ मार्च, बुधवार

बेड्यावर, मनकर्णाबाईच्या वस्तीवर जाऊन आले.

निघताना रजत म्हणाला, "एकटी जाऊन राहिली? मी येऊ का?" त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते लगेच ओळखलं. नको म्हटलं, ऑटोत बसले, आणि चौकात आल्यावर लक्षात आलं — गळ्यातली चेन मी घरीच काढून ठेवली आहे. कधी काढली? कुणी सांगितलं? हात आपोआप गळ्याकडे गेला होता. ऑटोवाल्याला थांबवून परत जावं, चेन घालून यावं असंही वाटलं. ते त्याहून हास्यास्पद.

बसनं तास-सव्वा तास. उतरून चालत. विटांची घरं, टिनाची छपरं, एक अंगणवाडी, हरभऱ्याचा ढीग अंगणात. चॅनेलवर दाखवलं होतं तसलं काहीच नाही. कुठल्याही गावासारखं गाव. मनकर्णाबाई हरभरा पाखडत होती. सौरव खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

उभ्या उभ्याच सांगितलं. "मावशी, तो शब्द मीच टाकला होता."

सूप थांबलं. "काहून?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं — मथळा छोटा पडत होता, जागा उरत होती. तिला नीट समजेना. मग तिच्याच पेपरवर बोटानं दाखवलं : हे इथून इथपर्यंत भरायचं असतं, एवढं कमी पडत होतं. तिनं वाकून पाहिलं. बोटानंच मोजलं.

"म्हंजे आमी जागा भराले?"

मला रडू आलं असतं तर सोपं झालं असतं. नाही आलं.

सौरव वळला नाही. तसाच म्हणाला, "सुटल्याचं छापलं का?"

"हो. सहा ओळी."

"कंपनीतले साहेब म्हने, तुही बातमी आनून दाखव, मंग पाहू. त्या सहा ओळीत माहं नाव हाय का?"

नव्हतं. 'चौघांची सुटका' एवढंच होतं. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या बाजूची सीट सुटल्यानंतरही रिकामीच राहिली, हे मनकर्णाबाईनं सांगितलं. दोन दिवस गेला, मग साहेबानंच थांब म्हटलं.

निघाले तेव्हा ती म्हणाली, "च्या घेशीन का?" मी थांबले. ती आत गेली. कप घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे पाहत राहिली — पिते की नाही ते. प्यायले. फार गोड होता.

२१ मार्च, शुक्रवार

मनकर्णाबाईनं नंबर दिला होता, म्हणून आज तिच्या मुलीला भेटले. रितिका. वॉर्डातली ड्यूटी संपल्यावर, हॉस्पिटलबाहेरच्या टपरीवर. एकवीस वर्षांची. पांढरा कोट घडी करून हातावर. मराठी इतकी शुद्ध बोलते की मीच सावरून बोलायला लागले. ओळखलं तिनं. हसली.

"घासून घासून शिकले ही भाषा, ताई. अकरावीत 'मले' म्हटलं की मुली हसायच्या. आणि घरी आम्ही बोलतो ती तर वेगळीच, ती कुणाला ऐकवायचीच नाही."

नवी खोली मिळाली आहे. कशी? "आडनाव पवार आहे, तेवढंच सांगितलं. पवार म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. वेगळे पवार समजतात. मीही समजू देते."

म्हटलं, तुझ्यावर लिहू का? मोठं, फोटोसकट. लोकांना दुसरी बाजू तरी कळेल. तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुम्हाला वाटत असेल तर लिहा," म्हणाली. मी तो होकारच धरला.

२५ मार्च, मंगळवार

लेख झाला. मनोहरराव खूश! रविवारी अर्धं पान देतो म्हणाले. मथळा त्यांनी स्वतः दिला — 'अंधारातून उजेडाकडे : पारध्याची पोर झाली नर्स'. "आता तरी झालं न समाधान?" म्हणाले.

झालं. मलाही तो मथळा आवडला. चांगला तासभर आवडला.

२७ मार्च

रितिकाचा फोन. "ताई, नका छापू."

"अगं, चांगलं लिहिलंय. वाचून दाखवते, थांब."

"चांगलंच असेल. पण ते वाचून माझी नवी घरमालकीण काय करेल? आणि मथळा काय आहे?"

सांगितला. पलीकडे हॉस्पिटलची गडबड होती. कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं.

"अंधार म्हणजे कोण, ताई? माझी आई?"

२८ मार्च, शुक्रवार

लेख मागे घेतला. मनोहरराव भडकले. "अर्धं पान आता काय भरू मी?" — जाहिरात घ्या म्हटलं. मग दुसरं मागितलं : दुरुस्ती. मथळ्यातला शब्द पोलिसांचा नव्हता, तो मी टाकला, असं माझ्या नावानं. पान पाचवरच, आणि सौरवचं पूर्ण नाव घालून.

"असं कोणी करत नाही, श्वेता."

"माहीत आहे, सर."

"मालकानं विचारलं तर?"

"तर मला पाठवा."

अंकुश दारात उभा राहून ऐकत होता. मला वाटलं, निघून जाईल. आत आला. मान खाली घालून म्हणाला, "माहंबी नाव टाका, मॅडम. सुचवलं तर मीच होतं न." त्याचं पुढच्या महिन्यात कायम व्हायचं आहे. कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा. मी नको म्हटलं. त्यानं नाही ऐकलं.

मनोहररावांनी दोघांकडे पाहिलं आणि कागद ठेवून घेतला. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

आली! पान पाच, वरच्या अर्ध्यात, चौकटीत. एक शब्द कापला नाही.

ऑफिसात तीन फोन. दोघांनी शिव्या दिल्या — 'चोरांची वकिली करता काय?' तिसऱ्याला वर्गणीदार व्हायचं होतं. ग्रुपवर रजतनं कात्रण टाकलं. त्या दिवशी त्या बातमीवर त्रेचाळीस जण बोलले होते. आज अंगठा फक्त एक — तोही रजतचाच! हसायला आलं आम्हाला दोघांनाही. मग नाही आलं.

मालकांनी बोलावलं. फार बोलले नाहीत. पान पाच माझ्याकडून काढलं. पुढच्या आठवड्यापासून बाजारभाव आणि निधन वार्ता. अंकुशचं अजून काही ठरलेलं नाही.

५ एप्रिल

मनकर्णाबाईचा फोन. सौरव पेपर घेऊन कंपनीत गेला होता. सोमवारी या म्हणाले. "पाहू," म्हणाली. ओरडून बोलते ती फोनवर, जणू रामटेक रोडवरून थेट इथे ऐकू यावं. रितिकाला माझ्यावर राग आहे का, विचारलं. "ते काही बोलत नाही वं. तिचं तिलेच माहीत."

मीही फोन केला नाही. तिनं जे झाकून ठेवलंय, त्यापासून आपण लांब राहावं. एवढं तरी आता कळतं.

९ एप्रिल, बुधवार

रितिकाचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते :

'ताई, आज वॉर्डातल्या टीव्हीवर परत पारध्यांवरचा तो कार्यक्रम लागला. सगळे पेशंट बोलायला लागले, आमची सिस्टरपण. मी एका आजोबांना इंजेक्शन देत होते. माझ्या तोंडून निघालंच — मी फासेपारधी आहे. एक बाई उठून बाहेर गेली. आजोबांनी बाही आणखी वर केली आणि म्हणाले, दे बेटा, लवकर दे. घरमालकिणीला संध्याकाळी मीच सांगणार आहे. तुम्ही कुठे लिहू नका हं.'