वाटाण्याएवढं क्रीम

१६ एप्रिल, बुधवार
दीपिकानं नागपूरहून क्रीम पाठवलं. व्हिटॅमिन ए-चं, सुरकुत्यांसाठी. "आई, रात्री थोडंसंच लाव." थोडंसं म्हणजे किती, हे लेकीनं सांगितलं नाही. मी कोल्ड क्रीमसारखं गळ्यापर्यंत थापलं.

४ मेला घनश्यामजी येणार — सिरोंच्याहून, माझं उत्तर ऐकायला. गडचांदूरच्या लग्नात ओळख झाली, मग रोजचा फोन. तेही एकटे, मीही. उरलेले दिवस सोबत काढायचे का, एवढंच ठरायचं आहे. त्या लग्नात मी मेकअप केला होता. हीच धास्ती.

२१ एप्रिल
नाकाशेजारी साल निघतंय. मला वाटलं मळ — बेसन-लिंबू चोळलं. देवा! चेहऱ्याचा तवा झाला. शेजारची गोकुळा भिंतीवरून, "काऊन बाई, पापडासंगं स्वतःले बी वाळू घातलं का?"

२२ एप्रिल
चंद्रपूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे. तरुण मुलगी, हसू दाबत होती. क्रीम बंद, बेसन-लिंबू कायमचं बंद. नुसतं पाणी, ओल्या चेहऱ्यावर बिनवासाचं साधं मलम, उन्हात दुपट्टा. पूर्ण बरं झाल्यावर हवंच असेल तर वाटाण्याएवढं, तेही आठवड्यातून दोनदा, आधी मलम लावून.
"घरात लग्न आहे का?"
"ठरायचं आहे," म्हणाले. कुणाचं, ते सांगितलं नाही.

२५ एप्रिल
आग कमी झाली. दुपारी गार पाण्याची घडी तोंडावर ठेवून पडले. कॉन्व्हेंटच्या होस्टेलात गोवर आली तेव्हा सिस्टर अशाच घड्या ठेवायच्या. तिथे आरसा एकच, जिन्याखाली, बशीएवढा. त्यात आम्ही साऱ्याजणी आळीपाळीनं सुंदर व्हायचो.

३० एप्रिल
हनुवटी अजून सोललेलीच. फोनवर म्हटलं, "थोडं पुढे ढकलू या का?"
ते हळूच म्हणाले, "नाई म्हनाचं असन तं आत्ताच म्हना, बाई. मले राग नाई येनार."
मी लगेच, "तसं नाही. या तुम्ही," म्हणाले.

४ मे, रविवार
बसमधून उतरले ते डोळ्यांपर्यंत दुपट्टा बांधून. या उन्हात सारेच बांधतात. पण ओसरीवर सावलीत बसले तरी सोडेनात. मीही माझा घट्ट धरून.
गोकुळा भिंतीवरून, "दोघं मिळून दरोडा टाकाले चालले का?"
"तुम्ही सोडा आधी."
"नाई, तुमी."
शेवटी एकदमच सोडले. त्यांचं नाक उकडल्या बटाट्यासारखं सोललेलं!
"सुनेची ट्यूब चोरून लावली," खाली बघत म्हणाले. "म्हटलं, बाई शिकलेल्या, आपन जरासं बरं दिसावं. साबनावानी चोळली ना मी."
हसता हसता दोघांचेही गाल चुरचुरले. मग माझी मलमाची डबी आणली. त्यांनी डोळे मिटले, नाक पुढे केलं. मी लावलं. बराच वेळ लावलं.

५ मे
दीपिकाला फोन केला. म्हटलं, मलमाची मोठी डबी पाठव. आता घरात दोन चेहरे असणार आहेत.