सोमवारचा वस्तरा

५ फेब्रुवारी, गुरुवार

फेस लावून वस्तरा फिरवायचा सराव, आणि तिसरा फुगा फुटला! फेस माझ्या नाकातोंडात, भिंतीवर, आरशावर. बाबा बाकावर बसून शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक मेलं. पुढचं बोलवा."

छापखान्यात सात वर्षं कागद कापले, म्हणून वाटलं होतं, पात्याशी आपली ओळख आहे. कसली ओळख! कागद श्वास घेत नाही, आवंढा गिळत नाही. वस्तरा इतका हलका, की जोर कुठे लावायचा तेच कळत नाही. बाबा म्हणतात, लावायचाच नाही.

गेल्या वर्षी छापखाना बंद पडला आणि त्याच महिन्यात बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. कात्री चालू असताना थरथर तिच्यात मिसळून जाते, कोणाला दिसत नाही. वस्तऱ्यात ती लपत नाही. म्हणून सहा महिने सगळ्यांना सांगतात — कंबर दुखते, दाढी बंद, फक्त केस. चाळीस वर्षं वस्तरा चालवलेला माणूस, आणि गिऱ्हाइकं दाढीला समोरच्या दुकानात! हाताचं कळलं तर केस कापायलाही कोणी बसणार नाही. आई म्हणते, "झाकली मूठ आहे तोवर शिकून घे." तर शिकतेय. छत्तिसाव्या वर्षी.

७ फेब्रुवारी, शनिवार

फुगा वाचला. एकच, पण वाचला!

सगळी गोम डाव्या हातात आहे. "उजवा नुसता चालतो. बघतो तो डावा" — बाबा. डाव्या बोटांनी कातडी ताणायची, केस कुठल्या बाजूला झोपलेत ते चाचपायचं, मग वस्तरा — आधी केसांच्या बाजूने सुलटा, मग त्यांच्याविरुद्ध उलटा. त्यांनी माझा डावा हात आपल्या गालावर ठेवला आणि मला डोळे मिटायला लावले. कानाखाली केस खाली जातात, हनुवटीखाली एक भोवरा आहे, गळ्यावर ते आडवे पळतात. इतकी वर्षं हा चेहरा बघतेय, काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"पहिली मान माझीच," म्हणाले. मी म्हटलं, आधी मेलेले फुगे मोजा.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुकान बंदचा वार, म्हणजे समोरचे काका. समोरचं दुकान त्यांचं. त्यांच्यात आणि बाबांच्यात एकतीस वर्षं विस्तव जात नाही. म्हणे एका पाटीवरून झालं. पण दर सोमवारी सकाळी साडेसहाला काका मागच्या दाराने येतात, खुर्चीत बसतात, बाबा त्यांची दाढी करतात. मग बाबा बसतात, काका करतात. अक्षर बोलत नाहीत! आपली आपण केली की मानेखालचे दोन केस राहतातच, आणि या धंद्यात अब्रू जायला तेवढं पुरतं.

लहानपणी विचारलं होतं, बोलत नाही त्याच्यापुढे मान कशी देता? बाबा म्हणाले होते, "केसाने गळा कापणारे पुष्कळ भेटतात, पोरी. हा हातात वस्तरा असून कापत नाही."

आज मी पडद्याआडून बघत होते. तो थरथरता हात, तो गळा! वस्तरा हनुवटीखाली आला तेव्हा मी डोळेच मिटले. रक्ताचा थेंब नाही. काका उठले, तुरटी फिरवली, बाबांची दाढी केली, गेले. कसं जमतं बाबांना?

१२ फेब्रुवारी

शिंपीकाका केस कापून घेताना आरशातून मला म्हणाले, "आता बाईमाणसापुढे मान खाली घालायची का आम्ही?" मी म्हटलं, "घरी रोज घालताच की." बाबा इतके हसले, की कात्री थांबवावी लागली.

१५ फेब्रुवारी, रविवार

घात केला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासताना तो पाठीवरून उलटायचा. मी धारेवरून उलटला. बाबांच्या जुन्या पट्ट्याला बोटभर चीर! मोठ्या तोऱ्यात मीच म्हटलं होतं, बघा आता. हात दाखवून अवलक्षण. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "याच चुकीला माझ्या वस्तादाने माझ्या कानफटात दिली होती. तू मोठी आहेस, तुझी तूच मारून घे."

भरपाई म्हणून सगळे वस्तरे पुसत बसले. सोमवारचा वेगळा असतो, काळ्या मुठीचा. मनगटावर फिरवून पाहिला. एक केस तुटेना! मुद्दाम घासून बोथट केलाय, बोटाला कळतं. मग दर सोमवारी काकांची दाढी होते कशी?

१६ फेब्रुवारी, सोमवार

बाबांना म्हटलं, आज फेस मी लावते. ब्रशच्या आधी डावा हात काकांच्या गालावर ठेवला, शिकवलंय तसा. गाल गुळगुळीत! हनुवटीखाली, गळ्यावर, कुठेही खुंट नाही. काका घरून दाढी करून आले होते. काकांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि मान मागे टाकली. मी फेस लावला. बाबांनी ते बोथट पातं फिरवलं — सुलटं, मग उलटं, एक जागा न सोडता.

म्हणजे सहा महिने हे चाललंय! काकांना पहिल्यापासून ठाऊक आहे. गिऱ्हाइकांसमोर एक शब्द टाकला असता तर आमच्या दाराला कुलूप लागलं असतं. चकार शब्द काढला नाही. आणि बाबांना माहीत नसेल? त्यांचा डावा हात तर थरथरत नाही! मला त्या दोघांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. फेसाची वाटी धुवायची होती.

२० फेब्रुवारी

आज अकरा फुगे, अकराही जिवंत. माझ्या हातांवर आता एक केस शिल्लक नाही, आणि मी जवळ गेले की आई वेणी पदराखाली लपवते.

समोरचे काका तीन दिवस तोंडापर्यंत मफलर गुंडाळून बसलेत. सर्दी असावी.

बाबा म्हणाले, "सोमवारी. माझी मान." मी बारावा फुगा फुगवला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पहिली दाढी केली. रक्ताचा थेंब नाही. पण मान बाबांची नव्हती.

बाबा खुर्चीकडे निघाले, तेवढ्यात काका मागच्या दाराने आले आणि त्यांच्या आधी बसले. मफलर सोडला. आठवडाभराची पांढरी दाढी! बाबांनी तिच्यावरून डावा हात फिरवला. मग त्यांनी काळ्या मुठीचा वस्तरा खणात टाकला आणि धारदार माझ्या हातात दिला.

आणि काका बाबांशी बोलले. एकतीस वर्षांनी. म्हणाले, "पोरीला सांग, उलटीपण मारायची."